सुमित्राताईंचं कोपर

२ डिसेंबर, मंगळवार

पोचले. निजामुद्दीनला गाडी थांबली तेव्हा श्रीरंगदादा डब्याच्या दाराशीच उभा होता. माझी बॅग उचलली आणि विचारलं, यात काय साताऱ्याचा किल्ला भरून आणलायस का. बॅगेत कागद आहेत. ब्रेल सळईने ठिपके टोचून लिहायचं म्हणून त्याचा कागद जाड असतो, आणि दिल्लीत तो कुठे मिळतो ते कळेपर्यंत रोजनिशी अडायला नको म्हणून मी चांगला गठ्ठाच आणलाय.

दादा माझा मावसभाऊ. केंद्र सरकारात आहे, सरोजिनी नगरात तळमजल्याचं क्वार्टर आहे. घरात तो, कादंबरीवहिनी, आणि आजपासून मी. मला इथल्याच एका मंत्रालयात नोकरी लागली हे कळल्यावर आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग दोन दिवस रडून काढले. सत्ताविसाव्या वर्षी आंधळी मुलगी एकटी दिल्लीला चालली, याचं तिला जेवढं कौतुक तेवढीच धास्ती. मला फक्त आनंद झालाय.

दुपारी घर पाहून घेतलं. माझं पाहणं हाताने, जन्मापासून. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात तुळस आणि बंद पडलेला कूलर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक खिळा वर आलाय, तो ध्यानात ठेवला. माझी खोली मागची. खिडकीबाहेर बराच वेळ शांतता असते, मग मध्येच एखादी रेल्वे जाते. वहिनी म्हणाल्या, मागचे ब्लॉक सरकारने रिकामे करून घेतलेत, पाडणार आहेत, त्यापलीकडे लाइन आहे.

संध्याकाळी गळ्यात जीपीएस अडकवून एक फेरी मारली. हा माझा खास अंध लोकांसाठीचा, बटणांचा. फोनचा नकाशा गाड्यांना रस्ता सांगतो, हा पायांना सांगतो. शिवाय बाजारात हातात फोन धरला की तो हिसकावून नेतात म्हणे. जीपीएसमधली बाई शुद्ध हिंदीत बोलते, थोडी शिष्टच आहे, म्हणून मी तिला बाईसाहेब म्हणते. बाईसाहेबांनी मला मेट्रोच्या दारापर्यंत नेलं आणि परत आणलं. दादा मागून चालत होता, आपण कळू देत नाही अशा समजुतीत.

७ डिसेंबर, रविवार

पहिला आठवडा पार पडला. सकाळी चालत मेट्रो, आयएनएला गाडी बदलायची, पुढे ऑफिस. मेट्रोतले लोक हात धरून ओढत नाहीत, विचारतात. ऑफिसात मात्र पहिल्या दिवशी तिघांनी मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, जणू मी पार्सल आहे.

शेजारच्या टेबलावर मानस आहे. तो मराठीच, पण जन्म इथला. घर मयूर विहारला. त्याची मराठी ऐकायला मजा येते. अर्ध्या वाक्यात अच्छा, उरलेल्यात बिल्कुल. उंबरा म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. मी समजावलं तर म्हणाला, अच्छा, दहलीज. रोज एक मराठी शब्द शिकव म्हणालाय. पहिल्या दिवशी त्याने मला धरलं नाही, आपलं कोपर पुढे केलं. कोपर आपण धरायचं असतं, म्हणजे चालणारा अर्धं पाऊल पुढे राहतो आणि त्याच्या हालचालीवरून आपल्याला सगळं कळतं. हे त्याला कुणी शिकवलं विचारलं, तर त्याच्या आईने.

पलीकडच्या सेक्शनमध्ये इशिता आहे. भरपूर बांगड्या, भरपूर हसणं. मानस काही बोलला की हसते. तो नाही बोलला तरी हसते. मी मत्सरी नाही असं आई सोडून सगळे म्हणतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज जीपीएस बंद पडला.

परतताना खूप धुकं होतं. मला ते गालांवर आणि कानांवर कळतं, आवाज कापसात गुंडाळल्यासारखे येतात. वसाहतीत पाडापाडी चालू असल्यामुळे रस्त्यांना पत्रे ठोकलेत आणि ते पत्रे रोज जागा बदलतात. काल मोकळी असलेली गल्ली आज बंद. त्यामुळे मी काठीइतकीच बाईसाहेबांवर विसंबून होते. त्या म्हणाल्या, पचास मीटर आगे, आणि गप्प झाल्या. वाक्य पुरं न करता. बटणं दाबली, चालू-बंद केला, काही नाही. बॅटरी सकाळीच भरली होती.

दोन पावलं टाकली तर काठी पत्र्यावर वाजली. मागे वळले तर पुन्हा पत्रा. कुठल्या बाजूने आले होते तेच कळेना. दादाला फोन लावायला हातमोजा काढत होते, तेवढ्यात अगदी जवळून, शांत मराठीत, एक बाई म्हणाली,

“चल, मी नेते.”

आणि माझ्या हाताला तिचं कोपर लागलं. ओढलं नाही, काही नाही. बरोबर जिथे हवं तिथे. हाताने विणलेला स्वेटर होता, वेणीच्या विणीचा, दोन वेण्यांमध्ये उलट टाक्यांची एक ओळ. लोकर गार होती, थंडीच आहे म्हणा. इतकं चांगलं मला आजवर कुणी नेलं नव्हतं. पायरी आली की न बोलता थांबायच्या, चिखल आला की कोपर किंचित मागे. नाव सुमित्रा. इथेच मागच्या ब्लॉकमध्ये राहतात. दिल्लीत भर रस्त्यात मराठी ऐकून मला भरून आलं.

दाराशी सोडून गेल्या. चहाला या म्हटलं तर नाही म्हणाल्या. वहिनींनी दार उघडलं आणि एकटी कशी आलीस इतक्या धुक्यातून म्हणून रागावल्या. सुमित्राताईंबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, मला कुणी दिसलं नाही बाई, पण समोरचा खांबही दिसत नाहीये.

१५ डिसेंबर, सोमवार

जीपीएस घरात सुरू होतो. गल्लीत गेला की मुका. मानसने आज तो मागून नेला, त्याचा एक मित्र दुरुस्ती करतो.

मला घाई नाही. सकाळी फाटकाबाहेर सुमित्राताई उभ्या होत्या. संध्याकाळी मेट्रोच्या दाराशीही. तुम्हाला त्रास नको म्हटलं, तर म्हणाल्या, मला दुसरं काय काम आहे.

चालताना त्या मला आजूबाजूचं सांगतात. लोक सांगतात ते मला नको असतं, झाडं किती हिरवी आहेत वगैरे. त्या सांगतात तसं कुणी सांगत नाही. समोरच्या बाल्कनीतली बाई नवऱ्याचे कपडे आपटून धुतेय म्हणजे भांडण झालंय. कोपऱ्यावरचा फळवाला तुला पाहून आधी संत्री निवडतो आणि मग सडकं एक आत सरकवतो. मी पिशवीत हात घातला, खरंच एक मऊ होतं.

एक गोष्ट मात्र आज जाणवली. त्यांच्या पायांचा आवाज येत नाही. लोकांना मी आधी चपलेवरून ओळखते. विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काल रात्री मानसचा फोन आला होता. जीपीएस उत्तम चालतोय. त्याच्या घरी, मयूर विहारच्या बाजारात, यमुनेच्या पुलावर, सगळीकडे बाईसाहेब बोलताहेत. त्यात काहीच बिघाड नाही. मंगळवारी तो स्वतः माझ्याबरोबर घरापर्यंत येऊन पाहणार आहे. त्याच्याबरोबर चालायचं या कल्पनेने मी दिवसभर उगाचच खूश होते.

संध्याकाळी सुमित्राताईंना सांगितलं. त्यांनी कोपर किंचित आखडलं. मग म्हणाल्या, सांगू की नको कळत नाही, पण तुला दिसत नाही म्हणून सांगते. आज दुपारी त्या माझ्या ऑफिसच्या बाजूला गेल्या होत्या. चहाच्या टपरीवर मानस आणि ती बांगड्यांची मुलगी होती. तिने त्याच्या मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधली. आणि मग दोघं कुणाची तरी नक्कल करत हसले. मान वर करून, काठी आपटत.

मी विचारलं, कुणाची नक्कल. म्हणाल्या, जाऊ दे.

जेवण गेलं नाही. इशिताच्या बांगड्या कानात वाजताहेत. मफलर मी त्याच्या गळ्यात कधी पाहिला नाही, म्हणजे कधी हात लावला नाही. तिने लावला. तिला डोळे आहेत, ती कुठेही हात लावू शकते, आणि मी लावला तर ते चाचपणं होतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

ठिपके नीट उठत नाहीत.

ठरल्याप्रमाणे मानस आला. वाटेत मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो विचारत राहिला, काय झालं, नाराज आहेस का. शेवटी मी मफलरबद्दल विचारलं. तो म्हणाला, कुठला मफलर, मी मफलर घालतच नाही. मी हात लावून पाहिला. गळा उघडा होता. इशिता तर गेला आठवडाभर रजेवर आहे म्हणाला. मला ते ठाऊक कसं असणार, मी तर तिच्या बांगड्या रोज ऐकत होते. ऐकत होते ना?

मेट्रोपाशी सुमित्राताई नव्हत्या. बाईसाहेब सुरू होत्या, बाएँ मुड़ें, सीधे चलें. पत्र्याच्या वळणाशी आलो आणि पुन्हा अर्ध्या वाक्यात गप्प. मानस दोन पावलं पुढे गेला, सिग्नल कुठे जातो पाहायला. मग त्याचा आवाज एकदम खालून आला. चेंबरचं झाकण उघडं होतं.

माणसं जमली, बाहेर काढलं. घोट्याचं हाड मोडलंय. अँब्युलन्समध्ये घालताना त्याने माझा हात धरून सांगितलं, मी घसरलो नाही अपूर्वा, कुणीतरी मनगट धरून ओढलं.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी फाटकाशी कुणी नाही. दहा वेळा हाक मारली. दादाने रिक्षा करून दिली.

संध्याकाळी मेट्रोतून बाहेर आले आणि गर्दीत तो आवाज ऐकला. माझ्याशी नाही. पलीकडे, कुणातरी दुसरीशी.

“चल, मी नेते.”

तोच सूर, तेच थांबणं. मी त्या दिशेने काठी टाकत गेले, लोकांना धक्के दिले. आवाज पुढेच. ती दुसरी बोलत नव्हती, पण तिची काठी ऐकू येत होती, माझ्यासारखीच, घडीची. आता तिच्या हातात ती वेणीची वीण होती.

मानसला फोन करायला हवा होता. केला नाही. त्याचं ऑपरेशन होतं आणि मी दादाच्या मागच्या खोलीत पालथी पडून एका बाईच्या कोपरासाठी रडत होते. इशिताचा इतका राग मला कधी आला नव्हता जितका त्या काठीचा आला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आल्या.

फाटकाबाहेर उभ्या होत्या. मी माफी मागितली. कशाबद्दल, ते मलाच कळलं नाही. त्या म्हणाल्या, तुला माणसं पुष्कळ आहेत, माझी गरज काय. मी म्हटलं, आहे. तीनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, मला अहो-जाहो नको, परक्यासारखं वाटतं. आणि कोपर पुढे केलं नाही. माझं मनगट धरलं.

ती म्हणाली (आता ती), मी असताना काठी कशाला. मी घडी करून पर्समध्ये टाकली. घरी येऊन काढली तर सांध्यात मोडलेली. जीपीएस गळ्यातून कधी गेला कळलं नाही. ती म्हणाली, हिंदी बोलणाऱ्या त्या बाईचं तू फार ऐकायचीस.

मध्येच एकदा तिने मला विजू म्हणून हाक मारली. मी दुरुस्त केलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

दादा-वहिनी पुण्याला गेले, वहिनींच्या भावाचं लग्न आहे, चार तारखेला परत येतील. वहिनींनी माझंही तिकीट काढलं होतं. म्हणाल्या, हल्ली तू नीट जेवत नाहीस, एकटीच बडबडत येतेस, शेजारच्या बाईंनी पाहिलं. चल आमच्याबरोबर. मी रजा नाही असं खोटं सांगितलं. खरं कारण लिहिते. मी गेले तर ती त्या काठीवालीला रोज नेईल.

त्या गेल्यावर ती पहिल्यांदा घरात आली. तिच्यापुढे चहा ठेवला. मी बोलत होते, ती ऐकत होती. ती गेल्यावर कप उचलला, काठोकाठ भरलेला आणि बर्फासारखा.

३१ डिसेंबर, बुधवार

मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे वळ आहेत. दाबलं की दुखतात.

आज जुनी पानं चाळली. ब्रेलमध्ये चूक झाली की ठिपका नखाने दाबून सपाट करतात, दुसरं खोडायचं साधन नाही. सात तारखेच्या पानावर एका जागी कागद गुळगुळीत लागला. वाटलं, बॅगेखाली दबला. पुढच्या पानावर पुन्हा. मग सगळी पानं काढून बोट फिरवलं. जिथे जिथे मानस लिहिलं होतं तिथे सपाट. वहिनी, सपाट. दादा, बाईसाहेब, सपाट. पहिल्या पानावर आई.

इशिता तेवढी ठेवलीय. बाकीची नावं मी पुन्हा टोचली.

मी घरात ब्रेल वाचणारी एकटी आहे.

२ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसला गेले नाही. दार उघडलं नाही. ती फाटकाशी हाका मारत होती, आधी प्रेमाने.

मानसला फोन केला. पाय कसा आहे विचारलं आणि मग सगळंच बोलून टाकलं. सुमित्रा हे नाव ऐकून पलीकडे कुणीतरी फोन मागून घेतला. मानसची आई, लताकाकू. त्यांनी विचारलं, स्वेटर कसला आहे. मी वीण सांगितली. त्यांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

काकू लग्नाआधी याच वसाहतीत राहायच्या. मागच्या ब्लॉकमध्ये दोन बहिणी होत्या, सुमित्रा आणि विजयालक्ष्मी. विजू आंधळी. आईवडील गेल्यावर सुमित्राने लग्न केलं नाही, विजूला सगळीकडे तीच न्यायची. पुढे विजू ब्रेल शिकली, तिला नोकरी लागली, ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जमत आलं. विजू काकूंची मैत्रीण. कोपर कसं द्यायचं ते काकूंना तिनेच शिकवलं. विजूने काठी घेतली, सुमित्राने ती मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. शेवटी विजूने सांगितलं, ताई, उद्यापासून मी एकटी जाणार. त्या सकाळी असंच धुकं होतं. दोघी मागच्या लाइनवर गाडीखाली सापडल्या. लोक म्हणाले, रस्ता चुकल्या. इंजिन ड्रायव्हर मात्र म्हणाला, एक जण निघायला धडपडत होती आणि दुसरीने तिचं मनगट सोडलं नाही.

मी म्हटलं, काकू, मला इथून न्या. त्यांनी सांगितलं, कड्या लाव, दादाला कळव, आणि कुणाचाही हात धरू नकोस. उद्या सकाळी मी स्वतः टॅक्सी घेऊन येते.

दादाला कळवलं. तो आजच निघतोय.

३ जानेवारी, शनिवार

सकाळ. धुकं घरातही शिरलंय, भिंती ओल्या आहेत. बॅग भरून बसलेय. काकू निघाल्याचा फोन आला. बाहेर हाका थांबल्यात. ते जास्त वाईट आहे.

थोड्या वेळाने

दार वाजलं. अपूर्वा बेटा, मी लताकाकू, लवकर चल, टॅक्सी थांबलीय. फोनवरचाच आवाज. कडी काढली. त्यांनी बॅग घेतली. मी हात पुढे केला. त्यांनी कोपर दिलं —

वेणी. उलट टाक्यांची ओळ. वेणी.

हात सोडवला. कसा, माहीत नाही. मागच्या खोलीत आले, दार लावलं, टेबल सरकवलं. फोन वाजला. काकू. खऱ्या. पुलावर धुक्यात गाड्या अडकल्यात, पोचायला वेळ लागेल, तू ठीक आहेस ना. मी सांगायला तोंड उघडलं आणि फोन मुका. पचास मीटर आगे, तसाच.

मला हे लिहीत राहायचंय. बोटांना काहीतरी हवं. लिहीत राहिले तर काकू येईपर्यंत —

ती दाराबाहेर रडतेय. म्हणते, सगळ्यांनी तुला माझ्यापासून तोडलं. म्हणते, ती काठीवाली कुणी नव्हतीच, तुला मत्सर वाटावा म्हणून केलं. किती वाटला ना, म्हणते. आपण दोघी सारख्या.

खरं आहे. आत्ता हे ऐकून क्षणभर बरं वाटलं मला. दुसरी कुणी नव्हती. फक्त मीच. देवा, मला बरं वाटलं.

रडणं थांबलं.

रेल्वे जातेय. खिडकीबाहेर. नेहमीपेक्षा जवळ

ती आत आहे. टेबल हललं नाही. दार वाजलं नाही. पलंगावर माझ्या डाव्या बाजूला गादी दबली. मी हललेले नाही. लिहितेय. तिने डावं मनगट धरलंय. गार. ओढत नाही. अजून ओढत नाही. ऐकतेय. सळई कागदावर टोचते तेवढाच आवाज आहे खोलीत.

विचारतेय, कुणाशी बोलतेस.

कुणाशी नाही म्हटलं. रोजनिशी आहे.

म्हणाली, रोज हिच्याशी बोलतेस. मी बाहेर उभी असते आणि तू दार लावून हिला सगळं सांगतेस. माझ्याबद्दल. मला कधी सांगितलं नाहीस ते. वाचलंय मी.

काकू आल्या का. गाडी थांबल्यासारखी — नाही, रेल्वेच

कागदावर तिचं बोट आलंय. ओळीवर. मी लिहितेय त्याच्या मागे मागे वाचत येतेय, आणि नखाने —

सोड म्हणतेय. हिला सोड. शांतपणे. मी सोडत नाही. माझा उजवा हात अजून माझाच आहे, जोवर लिहितेय तोवर मी इथेच आहे, खोलीत, पलंगावर, माझं नाव अपूर्वा, माझं नाव अपूर्

उजवं मनग